अंगावरचा वरताळा

कुमासीच्या टोमॅटो बाजारात बाईची पत तिच्या देहावरून ठरते. तसं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण प्रत्येकीच्या डोळ्यांत तराजू असतो. नाना बिरागो या बाजाराची राणी; नाना ही आमच्याकडे मानाची हाक. उत्तरेकडून टोमॅटोची गाडी आली की पहिली पेटी तिच्यापुढे उघडायची, भाव ती म्हणेल तो, आणि जागेवरून दोघींची जुंपली तर निवाडा तिचा. शाळेत ती अक्षरं ओळखण्यापुरती गेली होती. शाळेने तिला सोडलं की तिने शाळेला, एवढा एकच निवाडा तिला कधी करता आला नाही. बाकी देहाने ती अशी होती की ती निघाली म्हणजे हातगाडीवाले आपणहून कडेला होत. मानेवर वळ्या, दंडावर वळ्या, आणि मागचा भाग तर असा की पाठीला पोर बांधलं तर त्याने तिथे ताट ठेवून जेवावं. हे तीच सांगायची आणि ऐकणाऱ्यांच्या आधी तीच हसायची.

राणी ही मरेपर्यंत राणी, असा आमचा रिवाज. पण त्याला एक फट आहे. राणी खंगायला लागली की बायका कुजबुजतात. आजारी बाईने भाव ठरवला तर माल नासतो म्हणतात. मग म्हाताऱ्या जमतात, तिला गोड बोलून घरी बसवतात, आणि तिच्या स्टुलावर, म्हणजे आमच्या सिंहासनावर, दुसरी बसते. बिरागोच्या आधीच्या राणीला असंच घरी बसवलं होतं, आणि गोड बोलायला सगळ्यांत पुढे बिरागोच होती. त्यामुळे हे काम कसं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. आता तिच्या उजव्या हाताला सारपोमा बसे. तिची दुय्यम. गोल, तुकतुकीत, आणि जिभेची फार गोड. बिरागोला तो गोडवा ओळखीचा वाटे.

सगळा घोटाळा गुडघ्यांपासून सुरू झाला. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. मुलगी दुफी शिवणकाम करते, आईसारखीच हट्टी. तिने ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टर अमोआतेंग म्हणजे बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी रक्त काढलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आणि सांगितलं की साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, आणि या गुडघ्यांवर दोन माणसांचा भार आहे. बिरागो म्हणाली, दोन कुठले, सबंध बाजार आहे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आठवड्याला एक सुई लिहून दिली, पोटावर टोचायची. भूक मरेल, वजन उतरेल, साखरही आवरेल. मात्र थोडं खायचं ते कसाचं खायचं, मासे, अंडी, चवळी, नाहीतर चरबीबरोबर मांसही झडेल. पाणी दिवसभर घोट घोट प्यायचं. हळूहळू चालायचं, हातात थोडं वजन घेऊन व्यायाम करायचा. आणि दुसरं काहीही घ्यायचं झालं, काढा असो, पावडर असो, गोळी असो, तर आधी विचारायचं.

बिरागोने सगळ्याला मान हलवली. मान हलवणं तिला फुकट पडतं.

सुईने आपलं काम चोख केलं. कंद उकडून, कांडून केलेल्या फुफूचा गोळा समोर आला की पूर्वी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आता पोटात गोळा यायचा. कुणाच्या घरी जेवायला बसली तर रस्सा बोटाने ढवळत बसे आणि घरवालीचं कौतुक दुप्पट करी, म्हणजे ताटाकडे तिचं लक्ष जाऊ नये. गुडघे हलके झाले. ती एकदा पायऱ्या चढून वर गेली आणि वर कशाला आले हेच विसरली, इतका तिला आनंद झाला.

पण गुडघ्यांवरचं गेलं तसं मानेवरचंही गेलं. बाजारात कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, नानांना झोप लागत नसेल. दुसरी म्हणाली, माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं, आणि पुढे मावशीचं काय झालं ते न सांगताच उसासा टाकून गेली. सारपोमा तर रोज विचारू लागली, नाना, बरं आहे ना, मी बसू का थोडा वेळ, तुम्ही पाय पसरा. ती स्टुलाकडे बघत हे विचारायची.

सुईचं सांगून टाकलं असतं तर संपलं असतं. पण सांगायचं काय? मी स्वतः होऊन बारीक होतेय? ज्या देहावर राज्य केलं तो मी पैसे देऊन उतरवतेय? बिरागोला ते लाजिरवाणं वाटलं. आजारी म्हटलेलं परवडलं, वेडी म्हटलेलं परवडलं नसतं. म्हणून तिने दोन्ही टोकं धरायची ठरवली. गुडघ्यांनी बारीक व्हायचं आणि बाकी बाईने जाड राहायचं. असा विचार शिकलेल्या बाईच्या डोक्यात आला नसता, आणि बिरागोला बरेच दिवस वाटत राहिलं की शिकलेल्यांची अक्कल तिथेच कमी पडते.

पहिला उपाय सोपा होता. आमच्या आज्या पूर्वी कंबरेच्या मागे कापडाची गादी बांधायच्या, लुगड्याच्या आत, रुबाब दिसावा म्हणून. बिरागोने जुनं कापड फाडलं, कापूस भरला, दोऱ्यांनी आवळून गोळा केला आणि खोलीचं दार लावून तो मागे बांधला. दुफीलाही सांगितलं नाही. आरशात वळून बघितलं तर गेलेलं सगळं परत आलं होतं, उलट जरा जास्तच, कारण हाताला सवय भरभरून द्यायची.

दुसरा उपाय बोनसूकडे मिळाला. बोनसू म्हणजे गल्लीच्या व्यायाम मंडळाचा मास्तर. शनिवारी उजाडताच मंडळाची सगळी माणसं एका रंगाचे शर्ट घालून, ढोल वाजवत, गाणी म्हणत रस्त्याने पळतात आणि झोपलेल्यांच्या शिव्या खातात. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं, म्हणून बिरागो शेवटच्या रांगेत चालायची आणि गाणं मात्र पहिल्या रांगेपेक्षा मोठ्याने म्हणायची. पळून झालं की बोनसू आपल्या गाडीची डिकी उघडून डबे विकायचा. एका डब्यावर शर्ट काढलेला गडी, मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर. ती अंग भरायची पावडर. दुसऱ्यावर लाल विजेचं चित्र. ती व्यायामाआधी घ्यायची, तिने अंगात जोर येतो. बोनसूने विचारलं, नाना, काही औषधं चालू आहेत का, मग विचार करून घ्या. बिरागो म्हणाली, "मी आणि औषध? औषधच मला बघून बरं होतं." तो बिचारा हसला आणि त्याने दोन्ही डबे दिले.

आता डब्यात मापाचा चमचा असतो. सपाट भरायचा, एवढंच. पण टोमॅटो विकणाऱ्या बाईला सपाट माप म्हणजे शिवी. आमच्याकडे वाटी आधी शिगोशीग भरतात आणि वर आणखी दोन टोमॅटो ठेवतात, तो वरताळा. वरताळा न देणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही. बिरागोचा हात उभा जन्म वरताळा देत आलेला. तिने चमचा शिगोशीग भरला, वर चिमटीने आणखी टाकली, आणि स्वतःच्याच गिऱ्हाइकीवर खूश झाली. दोन्ही पावडरींचं हेच. पाणी मात्र अर्ध्या पेल्याच्या वर जाईना, कारण पोट दुपारपर्यंत काल रात्रीचंच धरून बसलेलं.

देहाने आपल्या परीने तक्रार केली. छातीत धडधड होई, जसा कुणी आत बसून फुफू कांडतोय. तोंड कोरडं पडे. पोटऱ्यांत गोळे येत. अंग भरायची पावडर तर चिखलासारखी पोटात बसून राही आणि मग एकदम वर येई. बिरागोने दोनदा न्हाणीघर गाठलं आणि एकदा शेजारणीची कुंडी. पण ओकारी म्हणजे अंगातली घाण निघाली, आणि धडधड म्हणजे जोर आला, असे तिचे निवाडे होत गेले. उलट बोलणारं समोर कुणी नसलं की तिचे सगळेच निवाडे झटपट व्हायचे.

अशात कांद्याच्या बाजाराची राणी नाना पोमा वारली. कुमासीत एका राणीच्या मयताला बाकीच्या राण्या नाचल्या नाहीत तर मेलेलीला नाही, जिवंतांना कमीपणा येतो. शनिवारी सगळा बाजार काळ्या-लाल कापडात जमणार होता. बिरागोला पक्कं माहीत होतं की बायका पोमासाठी येतील आणि तिला बघून जातील. त्या मांडवात ती डौलात नाचली तर स्टूल तिचं. अडखळली तर सोमवारी म्हाताऱ्या गोड बोलायला दारात.

म्हणून त्या सकाळी तिने लाल पावडरीला वरताळ्यावर वरताळा दिला. खाल्लं काही नाही, नाचताना पोट वर यायला नको म्हणून. पाणी प्यायलं नाही, मांडवात मोरीला जायची पंचाईत नको म्हणून. एक गादी कमी वाटली, तर खाली आणखी एक बांधली. सारपोमा बोलवायला आली होती. तिने खांद्यावरचं कापड नीट केलं, डोक्याचा रुमाल बांधला आणि कंबरेपाशी कापड चिमटीने ओढून म्हणाली, आता बघा कशा दिसता. शेजारच्या दोन बायकांनी ते बघितलं. ते सारपोमाला पुढे महागात पडायचं होतं.

मांडव कापडाचा, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, वर ऊन, कर्ण्याचा आवाज कानाच्या आत. बिरागो पुढे झाली. ढोलवाल्याने ढोलावर तिचं नाव वाजवलं. हात उलटे करून, हलके, जसं पाण्यावरचं पान सरकवावं, तशी ती दुःखाची खूण करत पुढे सरकली, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला असं नाचणारं त्या मांडवात कुणी नव्हतं. बायकांनी रुमाल हलवले. म्हातारी अनिमा, टोमॅटो बाजारातली सगळ्यांत वयस्क, जागेवरच मान डोलवत होती. बिरागोला वाटलं, झालं, जिंकलं. तेवढ्यात छातीतली धडधड ढोलाच्या पुढे पळायला लागली. ढोल एक म्हणे, छाती तीन. मांडवाचे खांब वाकडे झाले. ती वळायला गेली आणि वळतच खाली आली, आणि पडताना वरच्या गादीची दोरी तुटली.

कापडाच्या घडीतून ती गादी निसटली आणि घरंगळत मांडवाच्या मधोमध जाऊन थांबली. फडक्याचा गोळा, दोऱ्यांनी आडवातिडवा आवळलेला, घामाने काळा पडलेला.

आमच्या लोकांना असलं गाठोडं दिसलं की एकच गोष्ट दिसते. ढोल थांबला. एक बाई किंचाळली की नानांच्या अंगावर कुणीतरी करणी बांधली होती. मग सगळ्यांना सगळं एकदम कळलं. म्हणून नाना वाळत होत्या. म्हणून जेवण जात नव्हतं. आणि सकाळी नानांच्या कंबरेला हात कुणी लावला होता?

सगळ्या माना सारपोमाकडे वळल्या.

बिरागोला यातलं काही ठाऊक नाही, कारण तोवर दुफीने आणि बोनसूने तिला गाडीत घातलं होतं. दुसरी गादी दवाखान्यात नर्सने सोडली आणि काही न विचारता पिशवीत ठेवली. दंडातून सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर अमोआतेंग उशाशी उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, सुईशिवाय आणखी काय घेता? बिरागो म्हणाली, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी तारांच्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "नाना, तुम्ही खोटं बोललात की इथली रेघ उडी मारते." ते खरं नव्हतं. पण बिरागोला कुठे ठाऊक? तिने सगळं ओकलं.

दुफीने घरून डबे आणले. डॉक्टरीणबाईंनी मागचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. मग त्यांनी समजावलं. सुईमुळे पोट हळू रिकामं होतं; त्यात हा घट्ट चिखल ओतला तर तो वरच येणार. शिवाय त्यात साखर भरलेली, म्हणजे सुई साखर खाली ओढणार आणि नाना ती वर ढकलणार. लाल पावडरीत कॉफीचा अर्क, एका मापात कितीतरी कप कॉफी, आणि रक्तदाबाच्या बाईने त्याचा ढीग उपाशीपोटी घेतलेला. त्यावर पाणी नाही. थोडं आणखी कोरडं पडलं असतं तर मूत्रपिंडं बसली असती. त्यांनी लाल डबा तिथेच केराच्या डब्यात टाकला, अंग भरायचाही टाकला. म्हणाल्या, व्यायामाला जोर हवा तर अंडं खा, मासा खा. ते खाली उतरतच नसेल तर साधी प्रथिनांची पावडर बघू, पण आधी रक्त तपासू, मग सपाट चमच्याने. आणि डबा उघडायच्या आधी माझ्याकडे आणायचा, उघडल्यावर नाही. वजन उतरवणारे चहा आणि जुलाबाच्या गोळ्या यांचं तर नावही काढायचं नाही. बिरागो म्हणाली, त्यांचं नाव अजून काढलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. यावेळी डॉक्टरीणबाई हसल्या.

संध्याकाळी दुफीने बाजारातली बातमी सांगितली. ते गाठोडं म्हाताऱ्यांनी घमेल्याखाली झाकून वर दगड ठेवलाय. पाद्रीबुवा येऊन प्रार्थना करून गेले, लांबूनच. सारपोमाकडे कुणी माल घेत नाही. तिचे टोमॅटो उन्हात मऊ पडलेत, आणि तिच्या नातीला गल्लीतल्या पोरी खेळात घेत नाहीत. सोमवारी म्हाताऱ्या तिला बोलावणार आहेत, आणि त्यानंतर ती या बाजारात दिसणार नाही, असं सगळे धरून चालले आहेत. दुफी म्हणाली, "आई, तुझ्यासाठी सगळ्या रडतायत. म्हणतात, नानांची ताकद बघा, एवढी करणी अंगावर असून नाचल्या."

बिरागोने हिशेब मांडला. असं फळ तिला मागूनही मिळालं नसतं. वाळण्याचं कारण सापडलं, पडण्याचं कारण सापडलं, उजव्या हाताची गोड जीभ गेली, आणि स्टूल पूर्वीपेक्षा पक्कं झालं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. जन्मात तिला कधी जमलं नव्हतं, पण तब्येत बरी नाही म्हणून आता जमलंही असतं.

दुसऱ्या दिवशी सारपोमा आली. आत आली नाही. वॉर्डच्या दारातच उभी राहिली, कारण नानांना काही झालं तर ती जवळ होती असं म्हणायला नको. एका रात्रीत तिचा तुकतुकीतपणा उतरला होता.

"नाना," ती दारातून म्हणाली, "मला तुमची जागा हवी होती. ते मी नाकारत नाही. पण मी तुमच्या अंगाला काही लावलेलं नाही. लावलं असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या तोंडावर सांगा."

बिरागोने डोळे मिटले. टोमॅटो बाजारातून हाक मारली तर कांद्याच्या बाजारात ऐकू जाते अशी ती बाई, घोरायचं सोंग घेऊन पडून राहिली. घोरणंसुद्धा धड जमेना. सारपोमाची पावलं दूर गेली.

ती रात्र बिरागोने स्वतःला शिव्या घालण्यात घालवली, आणि शिव्यांत तिचा हात कुणी धरत नाही. सारपोमाची कीव आली हे खरं, नातीचं ऐकून वाईट वाटलं हेही खरं. पण सगळ्यांत जास्त काय टोचलं असेल तर हे की उद्यापासून सगळा बाजार म्हणणार, सारपोमाने बिरागोला आडवं केलं. ती? जिला पेटीतला खालचा नासका टोमॅटो कळत नाही, ती मला आडवं करणार? छे. मला आडवं करायला मीच लागते.

सोमवारी तिने डॉक्टरीणबाईंकडून सुट्टी मागून घेतली आणि दुफीचा हात धरून बाजारात गेली. म्हाताऱ्या गोलात बसल्या होत्या, मध्ये ते घमेलं, आणि घमेल्याच्या पलीकडे सारपोमा एकटी, हात मांडीवर. भोवती बायकांची भिंत. बिरागोला बघून त्या रडायला लागल्या. तिने हाताने गप्प केलं, वाकली आणि दगड उचलून बाजूला ठेवला. भिंत दोन पावलं मागे सरली. तिने घमेलं उलटं केलं आणि गाठोडं हातात घेतलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"ही करणी नाही," बिरागो म्हणाली. "हे माझं ढुंगण आहे."

मागे सरलेली भिंत पुन्हा दोन पावलं पुढे आली.

तिने दोऱ्या सोडल्या, फडकं उलगडलं आणि आतला कापूस वर धरला. मग तिने कापडावरून स्वतःच्या मागच्या बाजूला हात फिरवून दाखवलं की आता तिथे काय उरलंय. सुईचं सांगितलं. डब्यांचं सांगितलं, शेजारणीच्या कुंडीचंही सांगितलं, आणि शेजारीण तिथेच होती. एका हाताने पिंप रिकामं करत होते आणि दुसऱ्या हाताने भरत होते, म्हणाली, आणि पिंपाने मांडवात झाकण उडवलं तर दोष सारपोमाच्या माथी. त्या दिवशी सकाळी तिने माझा फक्त पदर ओढला होता. गाठी सगळ्या माझ्या.

आधी कुणी हसलं नाही. मग म्हातारी अनिमा, जिच्या तोंडात दोनच दात, तिच्या गळ्यातून खूं असा आवाज आला. आणि मग जे सुटलं ते सुटलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. एक पेटीवर बसली आणि पेटी मोडली. बिरागो मध्ये उभी राहून ते हसू अंगावर घेत राहिली. कान तापले, पण हलली नाही. फक्त सारपोमा हसली नाही.

हसू सरल्यावर अनिमाने डोळे पुसले आणि म्हणाली, आता दुसरं. राणी आजारी आहे की नाही, हा प्रश्न राहतोच. गुडघे, साखर, छाती. सारपोमा, तू दुय्यम आहेस, तू बोल. बाजाराने तुझ्यावर चिखल टाकला, तेव्हा पहिला शब्द तुझा.

बिरागोला कळलं की स्टूल आता या बाईच्या तोंडात आहे. पूर्वीच्या राणीच्या वेळी ते बिरागोच्या तोंडात होतं, आणि ती काय बोलली होती ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं.

सारपोमा उठली. "मला आज स्टूल नको," ती म्हणाली. "आज मी बसले तर उद्या म्हणाल, बघा, करणी फळली. मला आधी माझं नाव धुऊन हवंय. ज्या ज्या पाटीपाशी माझं नाव घेतलं गेलं, त्या त्या पाटीपाशी नानांनी जाऊन हे सगळं सांगावं. मी मागे उभी राहणार."

"सगळ्या?" बिरागोने विचारलं.

"मसाल्यांची ओळ पण," सारपोमा म्हणाली. "तिथेही नाव घेतलंय."

आणि तशी ती वरात निघाली. पुढे दुफीच्या आधाराने बिरागो, मागे हात बांधून सारपोमा. प्रत्येक पाटीपाशी थांबायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या काही ठिकाणी बिरागोने आटपतं घेतलं, गादीचं सांगितलं आणि कुंडी गाळली. सारपोमा मागून म्हणे, कुंडी राहिली. मग कुंडी सांगावी लागे. पुढे पुढे बिरागोचा सूर लागला. ती छातीची धडधड हाताने वाजवून दाखवू लागली, शर्ट काढलेल्या गड्याची मान नसलेली मान करून दाखवू लागली, गिऱ्हाईकं हातातली पिशवी विसरून ऐकत उभी राहू लागली. भेंडीवालीने लुगड्याच्या गाठीतून हळूच एक पुडी काढली आणि कुजबुजली, नाना, हा बारीक व्हायचा चहा, माझ्याकडे पण सुई आहे, चालेल का? बिरागो म्हणाली, "मला विचारू नकोस बाई. मी मलाच विचारलं होतं, म्हणून सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि पुडी घेऊन जा, नुसती मान घेऊन नको." मागे वळून बघते तर आणखी दोघी हात पदराखाली घालून उभ्या.

मसाल्यांच्या ओळीत शेवटच्या पाटीपाशी ती सगळं सांगून झाली तेव्हा तिचा घसा बसला होता. दुफीने पाण्याची बाटली दिली. ती घोट घोट पीत असतानाच पलीकडून गाडीचा भोंगा वाजला. उत्तरेची गाडी. मागे सगळ्या टोमॅटोवाल्या वाट बघत होत्या, पेटी उघडायची कुणापुढे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सारपोमा पुढे आली. चेहरा तसाच, गोड नाही, कडू नाही.

"नाना, गाडी लागलीय," ती म्हणाली. "भाव तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," बिरागो म्हणाली. "तू स्टूल धर. बसताना मला आता आधार लागतो, आणि आपटले तर खाली उशी नाही."

सारपोमाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने स्टूल धरलं. जरा लांबूनच धरलं, पण धरलं.